पोशाखाचा नियम आणि श्रमिकाचा हक्क
(वाराणसीच्या संदर्भात अभ्यासवर्गापुढे केलेले भाषण)

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता जारी असताना, वाराणसीच्या काशी विश्वनाथ मंदिरात एक नवे दृश्य दिसू लागले. गाभाऱ्यापाशी गर्दी आवरण्यासाठी उभ्या असलेल्या पोलिसांच्या अंगावर खाकी नव्हती. त्यांनी पुजाऱ्यांसारखे धोतर व अंगरखा परिधान केला होता, कपाळी त्रिपुंड्र रेखले होते आणि गळ्यात रुद्राक्षाच्या माळा घातल्या होत्या. महिला पोलिसांना भगव्या रंगाचा सलवार-कुर्ता देण्यात आला होता. हा आदेश खुद्द पोलीस आयुक्तांचा होता. त्यांनी दिलेले कारण असे की, पोलिसाने ढकलले तर भाविकाला वाईट वाटते. तेच पुजाऱ्याने केले तर तो ते चांगल्या भावनेने घेतो. म्हणून भाविकांना हात न लावण्याच्या धोरणाचाच एक भाग म्हणून हा वेष ठरविण्यात आला.

पोलिसांनी पुजाऱ्याचा वेष घेणे कोणत्या नियमावलीत बसते, आणि उद्या एखाद्या भामट्याने याचा गैरफायदा घेतला तर जबाबदार कोण, असा प्रश्न त्या वेळी विरोधी पक्षाच्या नेत्यांनी उपस्थित केला. चार दिवस वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि निवडणुकीच्या धुरळ्यात हा विषय मागे पडला. परंतु हा प्रश्न एका मंदिरापुरता किंवा एका निवडणुकीपुरता नाही. कामाच्या ठिकाणी माणसाने काय ल्यावे हे कोणी ठरवावे, कोणाच्या हितासाठी ठरवावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा कामगार चळवळीचा जुना प्रश्न आहे. वाराणसीत तो विशेष स्पष्ट स्वरूपात समोर येतो एवढेच.

गणवेश कशासाठी असतो?

पोलिसाचा गणवेश ही निव्वळ शोभा नव्हे. राज्यसत्तेला नागरिकाच्या अंगावर हात टाकण्याचा जो अधिकार कायद्याने दिलेला आहे, तो वापरणारा माणूस कोण हे सर्वांना दिसावे, यासाठी तो असतो. छातीवरील नावाची पट्टी हा नागरिकाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतील पहिलेच तत्त्व असे की, अटक व चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी असली पाहिजे. कोठडीतील मृत्यूंच्या काळ्या अनुभवातून हे तत्त्व निघाले आहे. ज्याचे नाव कळत नाही त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, इतका साधा त्यामागील विचार आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आयुक्तांच्या युक्तिवादाचा खरा अर्थ ध्यानात येतो. ढकलणारा हात तोच राहणार आहे. बदलायची आहे ती ढकलले जाणाऱ्याची भावना. राज्यसत्तेचा धक्का श्रद्धेच्या वेषात दिला म्हणजे तो धक्का वाटत नाही, ही त्यातील कबुली आहे. धर्म आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाविषयी पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण इतक्या थोडक्यात आणि इतक्या अधिकारवाणीने हे क्वचितच सांगितले गेले असेल. शिवाय सामान्य नागरिकाने फसविण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख घातला तर तो गुन्हा ठरतो. जुन्या दंडसंहितेच्या १७१ व्या कलमात ही तरतूद होती आणि नव्या न्यायसंहितेतही ती कायम आहे. नागरिकाने राज्याचा वेष घेणे हा अपराध, आणि राज्याने धर्माचा वेष घेणे ही मात्र सोय!

यावर कोणी म्हणेल की, गर्दी सौजन्याने आवरली जात असेल तर बिघडले कोठे? सौजन्याला विरोध असण्याचे कारण नाही. दोरखंड बांधून रांग लावावी, अंगाला हात न लावता वाट दाखवावी, म्हाताऱ्या माणसांशी गोड बोलावे. हे सारे खाकी कपड्यांतही करता येते, आणि मंदिराबाहेरच्या रस्त्यावर, कचेरीत, विणकरांच्या मोहल्ल्यातही करता आले पाहिजे. सौजन्य केवळ पुजाऱ्याच्या वेषातच शक्य आहे असे पोलीस दलाचेच प्रमुख म्हणत असतील, तर दोष खाकी कापडाचा नसून त्या कापडाने आजवर जे वर्तन केले त्याचा आहे.

त्या शिपायाचाही विचार केला पाहिजे. १९६६ च्या कायद्यान्वये पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर कडक निर्बंध आहेत. तेव्हा हा वेष आपल्या विवेकाला मानवतो की नाही, हे बोलून दाखविण्याची सोय त्याला नाही. तो मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, बौद्ध असेल किंवा नास्तिक असेल, तर त्याची नेमणूक त्या जागी होणार काय? नाही झाली, तर सरकारी नोकरीतील एक जागा धर्माच्या नावाने राखली गेली. झाली, तर त्याच्या अंगावर परक्या धर्माची चिन्हे हुकमाने चढविली गेली. आणि तो दलित असेल तर? आठ तासांच्या पाळीत भाविक त्याला पुजारी समजून नमस्कार करतील. पाळी संपली, धोतर उतरले, की तोच माणूस आपल्या गावात आपल्या जातीच्या वस्तीत परत जाईल. वेषाने जात झाकली जाते. मोडली जात नाही.

अनवाणी सेवक

याच मंदिराशी संबंधित दुसरी एक घटना जानेवारी २०२२ मधील आहे. काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी मोठ्या थाटात झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांनी वृत्तपत्रांत असे छापून आले की, पंतप्रधानांनी मंदिरात काम करणाऱ्यांसाठी तागाच्या पादत्राणांचे १०० जोड पाठविले आहेत. मंदिराच्या परिसरात चामड्याची व रबराची पादत्राणे निषिद्ध आहेत. त्यामुळे पुजारी, सेवेकरी, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार उत्तर हिंदुस्थानच्या कडाक्याच्या थंडीत दगडी फरशीवर अनवाणी काम करीत होते. ही गोष्ट नजरेस आली म्हणून ही भेट, असे सांगण्यात आले.

भेट मिळाली हे चांगलेच झाले. गारठलेल्या पायांना ताग कोणी पाठविला याच्याशी कर्तव्य नसते. पण प्रश्न असा उरतो की, १९८३ च्या कायद्याने ज्या मंदिराचा कारभार राज्याच्या नियंत्रणाखाली आला, आणि ज्याच्या नूतनीकरणावर शेकडो कोटी रुपये खर्च झाले, तेथील झाडूवाल्याच्या पायांचा विचार अंदाजपत्रक करताना कोणाच्याच मनात का आला नाही? भाविक अनवाणी जातो तो घटकाभर, स्वेच्छेने, श्रद्धेने. सफाई कामगार अनवाणी राहतो तो संपूर्ण पाळीभर, पोटासाठी. दोघांना एकच नियम लावला की नियमाचा सारा भार श्रमिकावर पडतो. दुसरे असे की, जी गोष्ट कामाची शर्त म्हणून मालकाने पुरविली पाहिजे, ती दात्याच्या कृपेने मिळाली की हक्क नाहीसा होतो आणि कृतज्ञता उरते. सरंजामी समाजात धनी सणासुदीला गड्याला पागोटे देई. त्याने गड्याचा पगार वाढत नसे, धन्याचा मान मात्र वाढत असे.

रेशीम विणणारे आणि रेशीम नेसणारे

मंदिरापासून थोड्याच अंतरावर मदनपुरा आहे. पलीकडे अलईपुरा, लल्लापुरा, शहराबाहेर लोहता. बनारसी शालू ज्या हातांनी विणला जातो त्या मोमीन-अन्सारी विणकरांच्या, आणि त्यांच्या जोडीला राबणाऱ्या दलित व मागास जातींच्या विणकरांच्या या वस्त्या. कबीराचा हा व्यवसाय, कबीराचे हे शहर. येथे कोणताही पोशाख-नियम नाही. विणकर लुंगी आणि बनियन घालून खड्डा-मागावर बसतो. पाय जमिनीतील खड्ड्यात पावड्यांवर, छातीशी ताणा आणि हातात धोटा. ओलसर अंधाऱ्या खोलीत, उन्हाळ्याच्या तापात, दुसरे काही अंगावर ठेवणे शक्यच नसते. मजुरी नगावर मिळते. माल कुंजगलीतील गद्दीवर जातो, आणि गद्दीदार पांढऱ्याशुभ्र चादरीवर लोडाला टेकून त्यातील खोड काढतो.

येथे पोशाखाचा नियम नाही याचे कारण मालकाची उदारता हे नव्हे. विणकर स्वतःच्या घरात राबतो आणि कागदोपत्री तो कोणाचाच नोकर नाही. ज्याच्या पोशाखावर कोणाचा नियम नाही, त्याच्या फुप्फुसांची, डोळ्यांची आणि पाठीच्या कण्याचीही कोणावर जबाबदारी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत, कपडे ठेवण्याची व वाळविण्याची सोय असावी, अशा तरतुदी होत्या. त्या घरोघरच्या मागापर्यंत कधी पोहोचल्याच नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने तर कारखान्याची व्याख्याच आकसून घेतली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगारांची अट होती ती २० झाली, आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी २० ची ४० झाली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमाग कामगारांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या ज्या विणकरांनी मालेगाव वसविले, त्यांचे नाते याच वस्त्यांशी आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यात आणखी एक गोष्ट जाणवेल. काशीच्या पंचगंगा, दुर्गा व ब्रह्मा घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती आहे. विश्वनाथाचे सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. मराठी ब्राह्मणी आचारात रेशीम हे सोवळ्याचे वस्त्र. मुकटा किंवा पितांबर नेसून पूजा करावी, कोणी शिवले तर सोवळे मोडते. परंतु ते रेशीम ज्याने विणले, ज्याच्या बोटांतून त्याचा एकेक धागा गेला, तो मुसलमान विणकर होता याने मात्र सोवळे मोडले नाही! श्रम शुद्ध आणि श्रमिक अशुद्ध, हे वर्णव्यवस्थेचे संपूर्ण अर्थशास्त्र त्या एका वस्त्रात सामावलेले आहे.

आणि याच मतदारसंघातून निवडून गेलेल्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०१९ मध्ये झारखंडातील दुमका येथील सभेत असे सांगितले की, आगी लावणारे कोण आहेत हे त्यांच्या कपड्यांवरूनच कळते. लुंगी आणि टोपी हा बनारसच्या विणकराचा कामाचा पोशाख आहे. कामाच्या पोशाखाला संशयाची खूण बनविले की, कामावर जाणे हेच धाडस होऊन बसते.

कचेऱ्यांतील फतवे

आता कारकुनी पेशाकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून मंत्रालयापासून सर्व राज्य शासकीय कार्यालयांत जीन पँट, टी-शर्ट आणि स्लिपर वापरण्यास मनाई केली. स्त्रियांनी कोणते कपडे घालावेत याची यादी दिली आणि शुक्रवारी खादी वापरावी असे सुचविले. कारण काय, तर अयोग्य पोशाखामुळे शासनाची प्रतिमा मलिन होते. विशेष म्हणजे त्या परिपत्रकात बोट मुख्यतः कंत्राटी कर्मचारी व सल्लागारांकडे दाखविले होते. ज्यांना नोकरीची शाश्वती शासनाने दिली नाही, त्यांनीच शासनाची शोभा वाढवावी, अशी ही अपेक्षा! पुढील वर्षी जीन पँटवरील बंदी उठविण्यात आली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी असाच आदेश निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनातील कर्मचाऱ्यांसाठी कमळाच्या नक्षीचे सदरे ठरविले गेल्याचे वृत्त आले, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे चिन्ह कर्मचाऱ्यांच्या अंगावर का, असा प्रश्न विरोधकांनी विचारला.

या साऱ्या फतव्यांत एक समान सूत्र आहे. रखडलेली फाईल, रिक्त जागा, वर्गातील पन्नास-साठ मुले, गळके छप्पर, यांनी शासनाची प्रतिमा मलिन होत नाही. ती होते एका कारकुनाच्या जीन पँटने. आणि फतव्याचा सर्वांत मोठा भाग नेहमी स्त्रियांच्या वाट्याला येतो. पुरुषाचा पोशाख हा शिस्तीचा विषय, तर स्त्रीचा पोशाख हा चारित्र्याचा विषय मानला जातो. सहा वार साडी आणि पदर सांभाळीत लोकलच्या गर्दीतून येणाऱ्या बाईला काय सोयीचे आहे, हे ठरविणाऱ्यांत ती बाई नसते.

नव्या भांडवलाची रीत याहून चतुर आहे. वाराणसीच्या लंका-गोदौलिया भागात आज घरपोच अन्न पोहोचविणारे शेकडो तरुण कंपनीच्या रंगाचा सदरा घालून फिरतात. करारपत्र सांगते की ते ‘भागीदार’ आहेत, नोकर नव्हेत; अंगावरचा सदरा मात्र सांगतो की ते नोकरच आहेत. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने ‘शुद्ध शाकाहारी’ ग्राहकांसाठी हिरव्या सदऱ्याचा वेगळा ताफा जाहीर केला. लाल सदऱ्याच्या कामगाराला काही गृहसंकुलांत प्रवेश नाकारला जाईल, विशेष दिवशी त्याच्यावर हल्लाही होईल, अशी टीका होताच दुसऱ्याच दिवशी कंपनीला हिरवा रंग मागे घ्यावा लागला. ग्राहकाची जातीय आवड कामगाराच्या पाठीवर रंगविण्याचा हा प्रयत्न होता. तो लोकमताच्या दडपणाने हाणून पाडता आला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इतिहासाचा धडा

पोशाख हा क्षुल्लक विषय आहे, महागाई आणि बेकारी यांपुढे त्याची मातब्बरी काय, असे म्हणणाऱ्या साथींनी इतिहास आठवावा. त्रावणकोरमध्ये चन्नार स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याच्या साध्या हक्कासाठी कित्येक दशके झगडावे लागले, तेव्हा १८५९ मध्ये तो हक्क, तोही अपुरा, मान्य झाला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना, जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून द्या, असे आवाहन केले. बाबासाहेबांच्या अंगावरील सूट हाही जातीने नेमून दिलेल्या पोशाखाला दिलेला नकारच होता.

खुद्द वाराणसीत ६ फेब्रुवारी १९१६ रोजी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी रत्नजडित पोशाखांतील राजेमहाराजांना त्यांच्या तोंडावर सुनावले की, हे दागिने उतरवून जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळल्याखेरीज या देशाचा उद्धार नाही. सभेत गोंधळ झाला, ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबविण्याचा प्रयत्न केला, राजेमंडळी उठून गेली. संपत्तीचा प्रश्न विश्वस्तवृत्तीवर सोपविण्यात जी मर्यादा आहे ती स्पष्टच आहे. तथापि, अंगावरचे वस्त्र हा वर्गसंबंधांचा पुरावा आहे, हे त्या दिवशी काशीच्या भूमीवर उघडपणे बोलले गेले.

आत्मपरीक्षण आणि कार्य

या संदर्भात पक्षातील काही सवयींकडेही पाहणे प्राप्त आहे. खादीचा झब्बा आणि खांद्यावरची झोळी ही साधेपणाची निशाणी म्हणून सुरू झाली. काही ठिकाणी ती ज्येष्ठतेची निशाणी होऊन बसली आहे. नव्याने येणारी तरुण मुलगी जीन पँट घालून सभेला आली, तर तिच्या वर्गनिष्ठेबद्दल कुजबुज होते. कारखान्यातील कामगार सभेला येताना आपला एकुलता एक इस्त्रीचा सदरा घालून येतो, आणि मध्यमवर्गीय कार्यकर्ता मुद्दाम चुरगळलेला घालतो. यात कामगाराचा मान ओळखलेला नाही. जो नियम मालकाने लादला तर अन्याय वाटतो, तो कुजबुजीने लादला म्हणून न्याय्य ठरत नाही.

गणवेशाला कामगारवर्गाचा सरसकट विरोध नाही, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे. वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्यात १९६४ साली पहिले डिझेल इंजिन तयार झाले. त्या कारखान्याचे नाव २०२० मध्ये बदलले, पण लोखंड आणि वीज यांचा धोका बदलला नाही. तेथे जाड कापड, मजबूत बूट, शिरस्त्राण व हातमोजे हे संघटनेने मागून घेण्याचे हक्क आहेत. जुलै २०१७ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना पोशाख भत्ता लागू झाला, तो रेल्वेच्या ट्रॅकमनला वर्षाला ५,००० रुपये आणि सैन्यातील अधिकाऱ्याला २०,००० रुपये असा ठरला. उन्हात रूळ ठोकणाऱ्याचे कपडे अधिक फाटतात हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि त्याच रुळावर शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला तर तोही भत्ता लागू नाही.

म्हणून कामगार संघटनांपुढे ठेवण्यासारख्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत:

१. जो पोशाख मालक किंवा शासन सक्तीचा करील, तो, त्याची धुलाई आणि त्याची दुरुस्ती यांचा सर्व खर्च मालकाने वा शासनाने सोसावा; कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नसावा.

२. पोशाखाचा कोणताही नियम कामगारांच्या प्रतिनिधींशी, आणि स्त्रियांसंबंधीचा नियम स्त्री-कामगारांशी, विचारविनिमय केल्यावाचून करू नये. कामाची सुरक्षितता, स्वच्छता आणि ओळख एवढ्याच कारणांसाठी तो असावा.

३. सरकारी नोकराच्या अंगावर धर्माची, जातीची किंवा पक्षाची चिन्हे हुकमाने चढविली जाऊ नयेत. बळाचा वापर करू शकणाऱ्या प्रत्येक नोकराचे नाव त्याच्या छातीवर वाचता आले पाहिजे.

४. मंदिरे, घाट, गटारे, घरगुती माग आणि रस्त्यावरील वाटप, अशा ज्या ठिकाणी कारखान्याचा कायदा पोहोचत नाही, तेथील श्रमिकांना पादत्राणे व संरक्षक कपडे कायद्याने मिळाले पाहिजेत.

साथींनो, मणिकर्णिकेवर चितेची लाकडे रचणारा डोम समाजातील माणूस आजही कमरेला लुंगी आणि डोक्याला गमछा एवढ्यावरच आगीपुढे उभा राहतो. काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे. त्या मोक्षाची आग राखणाऱ्याला जाड कापडाचा सदरा आणि पायात बूट मिळावेत, ही मागणी श्रद्धेच्या आड येत नाही. ती मागणी त्याच्याजवळ जाऊन, त्याच्याशी बोलून, त्याच्याच तोंडून वदवून घेणे हे वाराणसीतील आणि प्रत्येक शहरातील कार्यकर्त्याचे काम आहे. पोलिसाला पुजारी बनविणाऱ्या राजवटीला, श्रमिकाला श्रमिक म्हणून अंगभर वस्त्र देण्यास भाग पाडणे, हेच तिला खरे उत्तर आहे.